घरातून पळून लाहोरला गेलेल्या पोरानं अमेरिकेच्या ड्रमरना मात्रा मोजायला शिकवलं

वुडस्टॉक हे नाव रॉक ऐकणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. न्यूयॉर्क राज्यातल्या बेथेल गावाजवळचं एका दूधवाल्याचं शेत, ऑगस्ट १९६९, चार लाखांच्या आसपास पोरंपोरी, पाऊस, चिखल आणि स्टेजवर त्या काळातले एकाहून एक मोठे बँड. पण पहिल्याच रात्री, म्हणजे १५ ऑगस्टला, त्या स्टेजवर तीन भारतीय माणसं मांडी घालून बसली होती, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. सतारीवर पंडित रविशंकर, तंबोऱ्यावर माया कुलकर्णी आणि तबल्यावर पन्नाशीचे उस्ताद अल्लारखा.

त्या रात्री पाऊस पडत होता. पाऊस हे तबलजीसाठी काय संकट असतं, ते कुठल्याही तबलजीला विचारा. तबल्याची पुडी कातड्याची. हवेत ओल आली की कातडं सैल पडतं आणि सूर उतरतो. स्टेजवरच्या दिव्यांची धग लागली की तेच कातडं ताणतं आणि सूर चढतो. मग हातोडी घेऊन गठ्ठे ठोकत बसा. हे असं वाद्य घेऊन अल्लारखा भर पावसात, उघड्या माळावर, लाखो लोकांपुढं बसले आणि त्यांनी झपतालात सोलो वाजवला. पुढं त्याची रेकॉर्डही निघाली.

रविशंकरांना वुडस्टॉक काही आवडलं नाही. चिखलात लोळणारं ते पब्लिक बघून आपल्याला आपल्याकडच्या पाण्यात डुंबणाऱ्या म्हशी आठवल्या, असं त्यांनी नंतर लिहून ठेवलं. पण त्या गर्दीतल्या पोरांनी दहा मात्रांचा ताल ऐकला, हे काही कमी नाही. त्यातली बहुतेक चारवर पाय आपटत मोठी झालेली.

हा माणूस तिथपर्यंत पोचला कसा, त्याची ही गोष्ट.

अल्लारखा यांचा जन्म २९ एप्रिल १९१९ चा, जम्मू भागातल्या सांबाजवळच्या फगवाल गावचा. घरची भाषा डोगरी. घर शेतकऱ्याचं, गाण्याबजावण्याची परंपरा वगैरे काही नाही. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण तबल्याच्या दुनियेत बहुतेक मोठी नावं घराण्यातली असतात. बाप तबलजी, आजा तबलजी, पोरगं रांगायला लागलं की त्याच्या पुढ्यात डग्गा. अल्लारखांच्या वाट्याला यातलं काहीच आलं नव्हतं.

बारा वर्षांचा असताना हा पोरगा गुरदासपूरला काकांकडं राहायला गेला. तिथं त्याच्या कानावर तबला पडला आणि त्याला दुसरं काही सुचेना. शेतकऱ्याच्या घरात हे खूळ कोण चालवून घेणार? मग हा पोरगा सरळ घर सोडून पळाला. तबला शिकायचा तर चांगल्या उस्तादाकडंच, या एका हट्टापायी तो लाहोरला जाऊन पोचला आणि मियाँ कादिरबख्श यांचा शागीर्द झाला.

लाहोर तेव्हा काय चीज होतं, हे आज लक्षात येत नाही. उत्तर भारतातलं संगीताचं ते एक मोठं केंद्र. आपल्या नागपूरच्या वाचकांना याचा एक पुरावा घरातच सापडेल. डॉ. वसंतराव देशपांडे लहानाचे मोठे झाले नागपुरात, आणि तेही तरुणपणी मामांबरोबर लाहोरला गेले होते. असद अली खाँ यांच्याकडं त्यांनी तिथं मारवा गिरवला, हा किस्सा ‘मी वसंतराव’ सिनेमामुळं घरोघरी पोचला. तर गाणं-बजावणं शिकणाऱ्यांच्या नकाशावर लाहोर हे असं ठळक गाव होतं. फाळणी कुणाच्या स्वप्नातही नव्हती.

मियाँ कादिरबख्श होते पंजाब घराण्याचे. तबल्याच्या बाकीच्या घराण्यांपेक्षा हे घराणं जरा वेगळं, कारण त्याचं मूळ पखवाजात. दिल्लीचा तबला बोटांच्या टोकांवर चालतो, त्यात नजाकत जास्त. पंजाबचा तबला पखवाजाच्या वळणानं जातो. मोकळा पंजा, भरीव आवाज, लांबलचक गती आणि त्यात हिशेबाचा खेळ भरपूर. साडेपाच, साडेसात अशा अपूर्णांकांच्या मात्रांतून फिरून समेवर बरोबर येऊन उतरायचं, हा या घराण्याचा शौक. पुढं अल्लारखा ज्यासाठी जगभर ओळखले गेले ते लयीचं गणित इथलं.

तबल्याबरोबर गाणंही शिकायचं म्हणून त्यांनी पतियाळा घराण्याच्या आशिक अली खाँ यांच्याकडं तालीम घेतली. तबलजीनं गाणं शिकावं, हा शहाणपणा फार कामी आला. समोरचा गवई किंवा सतारिया आता कुठं वळणार आहे, हे ज्याला आधी कळतं तो चांगला साथीदार. ते कळायला राग माहीत असावे लागतात.

घर सोडून परक्या शहरात राहायचं, उस्तादाची सेवा करायची, ठेका तासन् तास धरून बसायचं. तेव्हाची तालीम अशीच असायची. वह्या नाहीत, नोटेशन नाही, रेकॉर्डिंग तर नाहीच. उस्ताद तोंडानं बोल म्हणणार आणि शागिर्दानं ते पाठ करायचे. तोंडात बसल्याशिवाय हातात येत नाही, हा तबल्याचा पहिला नियम. अल्लारखांनी तो आयुष्यभर पाळला आणि दुसऱ्यांकडूनही पाळून घेतला. परदेशात ही गोष्ट किती उपयोगी पडली, ते पुढं येईलच.

लाहोरमध्ये साथ करता करता १९३६ मध्ये ते दिल्ली रेडिओवर लागले आणि १९४० मध्ये मुंबई केंद्रावर आले. इथं एक गोष्ट घडली. मुंबई केंद्रावरून त्यांनी तबल्याचा सोलो वाजवला. त्या केंद्रावरचा हा तबल्याचा पहिला सोलो.

आज झाकीर हुसेनचे व्हिडिओ बघत मोठ्या झालेल्या पिढीला यात विशेष काय, असं वाटेल. पण तेव्हा तबलजीची जागा गवयाच्या बाजूला, थोडी मागं. पैसा कमी, मान त्याहून कमी. जाहिरातीत नाव आलं तर आलं. गाणारा वाट्टेल तसा खेळणार आणि याचं काम काय, तर ठेका धरून ठेवायचा. जरा हात सैल सोडला तर मैफलीतच डोळे वटारले जायचे. सोलोमध्ये हे सगळं उलटं होतं. तिथं सारंगी किंवा हार्मोनियमवाला एकच लहेरा फिरवत बसतो आणि तबलजी मनाला येईल ते वाजवतो. मैफलीत जाणकारांपुढं असे सोलो होत होते, पण घराघरातल्या रेडिओवर एकट्याचा तबला वाजणं ही निराळी बाब होती.

मुंबईत आल्यावर सिनेमा थोडाच सुटणार? साधारण १९४३ पासून अल्लारखा हिंदी सिनेमांना संगीत द्यायला लागले. पण पडद्यावर हे नाव शोधलं तर सापडत नाही. तिथं ते ए. आर. कुरेशी. १९५० चा ‘सबक’, राज कपूर-नर्गिसचा १९५२ चा ‘बेवफा’ ही त्यांचीच कामं. जुनी गाणी ऐकणाऱ्या कित्येकांना आजही माहीत नसतं की हा कुरेशी आणि तबल्याचा उस्ताद, एकच माणूस.

दरम्यान १९४७ उजाडलं. फाळणी झाली. ज्या लाहोरात हा माणूस घडला ते शहर एका रात्रीत परदेश झालं. अल्लारखा मुंबईत, उस्ताद कादिरबख्श लाहोरात. एकाच घराण्याचे दोन देश झाले. तिकडं पुढं शौकत हुसेन खाँ यांनी पंजाबचा तबला नावारूपाला आणला आणि इकडं ते काम अल्लारखांवर येऊन पडलं. घराण्याच्या बाहेरून आलेला शेतकऱ्याचा पोरगा भारतात त्या घराण्याचा सगळ्यात मोठा माणूस झाला.

९ मार्च १९५१ ला माहीममध्ये त्यांना मुलगा झाला. हाच झाकीर. त्या दिवसांत अल्लारखांची तब्येत फार बिघडलेली होती. पोर घरी आणलं, वडिलांच्या हातात दिलं. रिवाजाप्रमाणं बापानं बाळाच्या कानात प्रार्थना म्हणायची असते. अल्लारखांनी कानात तबल्याचे बोल म्हटले. आई चिडली. पण आपली प्रार्थना हीच आहे, उस्तादांकडून आपल्याला हेच मिळालं आणि मुलाला द्यायला आपल्याकडं हेच आहे, असं त्यांचं म्हणणं पडलं. झाकीर हुसेननं हा किस्सा आयुष्यभर सांगितला.

झाकीर सात वर्षांचा झाल्यावर खरी तालीम सुरू झाली. वेळ पहाटे तीनची. दिवसा कामं, रात्री मैफली, मग बापाला मोकळा वेळ तोच. तीन ते सहा बाप-लेक समोरासमोर बसायचे. हातात तबला असेलच असं नाही. बोल म्हणायचे, जुन्या उस्तादांच्या गोष्टी सांगायच्या, लयीबद्दल बोलायचं. मग पोरगं मदरशात, तिथून माहीमच्या सेंट मायकल शाळेत.

साठच्या दशकात अल्लारखा रविशंकरांबरोबर जगभर फिरायला लागले. त्याआधी पंडित चतुरलाल यांनी पाश्चात्त्यांच्या कानावर तबला घातला होता, त्यांचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. १९५५ मध्ये अली अकबर खाँ यांच्याबरोबर न्यूयॉर्कला वाजवणारे तेच. पण चतुरलाल १९६५ मध्ये अगदी चाळिशीतच गेले. रविशंकर-अल्लारखा ही जोडी मात्र टिकली, आणि सतारीची जी लाट तिकडं उसळली ती नेमकी त्यांच्या काळात.

यात रविशंकरांची एक चाल महत्त्वाची होती. कार्यक्रमात तबल्याला सोलोची स्वतंत्र जागा द्यायची. शिवाय शेवटी सवाल-जवाब. सतारीनं एक तुकडा टाकायचा, तबल्यानं तो जसाच्या तसा परत करायचा, तुकडे छोटे छोटे होत जायचे आणि शेवटी दोघं एकत्र समेवर. राग न कळणाऱ्या माणसालाही हा खेळ कळतो. आपल्याकडच्या काही जाणकारांनी याला सर्कस म्हणून नाकं मुरडली. मुरडोत. तबलजी प्रमुख कलाकाराच्या बरोबरीला आला तो याच सर्कशीतून.

आता पॅरिसचा किस्सा.

१९६५-६६ च्या सुमारास ‘चापाक्वा’ नावाच्या सिनेमाचं संगीत रविशंकर पॅरिसमध्ये करत होते. वाजवणारे फ्रेंच वादक. ते कागदावर लिहिलेलं वाजवणारे, आणि आपल्याकडं तर सगळं तोंडी. मधल्या मध्ये लिहून द्यायला एक तरुण अमेरिकन पकडला, जो तेव्हा पॅरिसमध्ये नादिया बुलांजे यांच्याकडं शिकत होता. त्याचं नाव फिलिप ग्लास. आज तो जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध संगीतकारांपैकी एक आहे.

ग्लासनं ऐकलेलं संगीत सवयीप्रमाणं कागदावर उतरवलं. पाश्चात्त्य पद्धतीत ठरावीक मात्रांनंतर उभी रेघ मारतात आणि रेघेनंतरच्या पहिल्या मात्रेवर जोर येतो. वादकांनी ते वाजवलं की अल्लारखा म्हणायचे, चूक. जोर नको तिथं येतोय. ग्लासनं रेघा सरकवल्या. परत चूक. स्टुडिओचं मीटर पळतंय, वादक ताटकळलेत, आणि हे गृहस्थ एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगताहेत की सगळे स्वर सारखे आहेत. शेवटी वैतागून ग्लासनं सगळ्या उभ्या रेघाच खोडून टाकल्या. आणि समोर जे उरलं ते बघून त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

काय दिसलं त्याला? आपल्या झपतालाचंच उदाहरण घ्या. धिं ना, धिं धिं ना, तिं ना, धिं धिं ना. दोन, तीन, दोन, तीन. बेरीज दहा. पाश्चात्त्य संगीतात आधी एक मोठा डबा घेतात आणि त्याचे समान तुकडे करतात, दोन, चार, आठ. आपल्याकडं लहान लहान तुकडे एकापुढं एक जोडत जातात आणि त्यातून चक्र पुरं होतं. एकीकडं भागाकार, एकीकडं बेरीज. ग्लासच्या पुढच्या संगीतात छोटे तुकडे एकेक स्वरानं वाढत जातात, कमी होत जातात, तेच पुन्हा पुन्हा फिरत राहतात. ही वाट आपल्याला रविशंकर आणि अल्लारखांमुळं दिसली, हे त्यानं कधी लपवलं नाही.

१९६७ मध्ये रविशंकरांनी लॉस एंजेलिसला आपल्या ‘किन्नर’ या संस्थेची शाखा काढली. तिकडं शिकणाऱ्यांची रीघ लागली होती. त्यातला एक कॉलिन वॉलकॉट. अमेरिकेतल्या विद्यापीठात रीतसर तालवाद्यं शिकलेला पोरगा. तो रविशंकरांकडं सतार आणि अल्लारखांकडं तबला शिकला, आणि पुढं ‘ओरेगन’ या बँडमध्ये त्यानं दोन्ही वाद्यं जॅझमध्ये आणली.

या परदेशी शिष्यांची पंचाईत वेगळीच होती. लाहोरच्या पोरानं उस्तादाच्या दारात वर्षानुवर्षं काढली. इथं उस्तादच दौऱ्यावर. आज लॉस एंजेलिस, उद्या लंडन, परवा मुंबई. सहा महिन्यांनी गाठ पडणार. मधल्या काळात काय करायचं? पुडी फाटली तर बदलून देणारा कारागीर हजारो मैल लांब. अपार्टमेंटमध्ये शेजारी ओरडणार. अशा वेळी तोंडपाठ बोल कामाला येतात. बसमध्ये, रांगेत, भांडी घासताना म्हणता येतात. हातावर ताल, तोंडात बोल. त्याला ना पुडी लागते ना शेजाऱ्याची परवानगी.

आणि हे बोल म्हणजे नुसती पोपटपंची नाही, त्यात गणित आहे. एक साधी तिहाई बघा. ताल तीनताल, सोळा मात्रा. बोल घ्यायचा ‘तिट कत गदि गन धा’. दोन अक्षरांना एक मात्रा धरली की चार मात्रा, आणि पाचवीवर धा. मग एक मात्रा गप्प. हे तीन वेळा म्हणायचं. पहिल्या मात्रेपासून सुरू केलं तर पहिला धा पाचव्या मात्रेवर, दुसरा अकराव्या आणि तिसरा सतराव्या मात्रेवर पडतो. सतरावी म्हणजे पुढच्या आवर्तनाची सम! टाळी वाजवत करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. आता पाचाऐवजी साडेपाचचा तुकडा घेतला तर सुरुवात कुठून करायची? अल्लारखा असले हिशेब वाजवता वाजवता, हसत हसत करायचे. जुने व्हिडिओ बघितलेत तर लक्षात येईल, एवढं अवघड वाजवणारा माणूस सतत हसतो आहे.

१८ जून १९६७ ला कॅलिफोर्नियात माँटेरी पॉप फेस्टिव्हल झाला. रविवारची दुपार या जोडीसाठी राखून ठेवली होती. भीमपलास झाला, एकतालात तबल्याचा सोलो झाला, शेवटी धून. या कार्यक्रमावरच्या सिनेमात तो शेवट आहे. समोर बसलेले रॉकवाले तोंडाचा आ करून बघताहेत आणि संपल्यावर सगळं मैदान उभं राहतंय. त्याच रात्री त्याच स्टेजवर जिमी हेंड्रिक्सनं आपली गिटार जाळली. वाद्याला पाया पडून हात लावणाऱ्या या दोघांना ते काही झेपलं नाही.

त्याच वर्षी मिकी हार्ट हा ड्रमर अल्लारखांना भेटला. ‘ग्रेटफुल डेड’ या बँडमध्ये तो नुकताच आला होता. हे अख्खं जग आपल्याला माहीतच नव्हतं, असं त्याला झालं आणि तो अल्लारखांना गुरू मानायला लागला. त्याच सुमारास त्याचा बँड ‘द इलेव्हन’ नावाचं गाणं वाजवत होता, अकरा मात्रांचं. रॉक बँड आणि अकरा मात्रा! पुढं हार्ट आणि झाकीरनं मिळून ‘डिगा’ ही रेकॉर्ड काढली, १९७६ मध्ये.

१९६८ ला जॅझमधला बडी रिच आणि अल्लारखा यांची एकत्र रेकॉर्ड आली, ‘रिच आ ला रखा’. बडी रिच म्हणजे ड्रमचा बादशहा, वेगाला तोड नाही. या पठ्ठ्याला कागदावरचं नोटेशन वाचता येत नसे, सगळं कानानं. म्हणजे एका अर्थी तोही तोंडी परंपरेतलाच. रेकॉर्ड ऐकताना कुठं कुठं दोघं आपापल्या रस्त्यानं चाललेत असं वाटतं, खोटं कशाला सांगा. पण पुढं जगभर जे फ्युजन बोकाळलं, त्यात ड्रम आणि तबला समोरासमोर बसवण्याचा हा अगदी सुरुवातीचा प्रयत्न आहे.

१ ऑगस्ट १९७१ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी जॉर्ज हॅरिसन आणि रविशंकरांनी कार्यक्रम केला. सतारीवर रविशंकर, सरोदवर अली अकबर खाँ, तबल्यावर अल्लारखा. वाद्यं सुरात लावून झाली आणि प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. लोकांना वाटलं गाणं झालं. रविशंकरांनी हसून त्यांना सुनावलं, की नुसतं ट्यूनिंग एवढं आवडलं असेल तर वाजवणं त्याहून आवडेल. या कार्यक्रमाच्या अल्बमला पुढं ग्रॅमी मिळालं.

या सगळ्या वर्षांत घर मुंबईतच होतं. बाप परदेशी, पोरं इथं. पहाटे तीनची तालीम बाप घरी असेल तेव्हाच व्हायची. मोठा झाकीर १९७० मध्ये स्वतःच अमेरिकेला गेला, रविशंकरांना साथ करायला, आणि मग तिकडचाच झाला. तिथल्या विद्यापीठात, अली अकबर खाँ यांच्या कॉलेजात शिकवायला लागला. धाकटे फजल आणि तौफिक, दोघंही तालातच. बापानं लाहोरात जे कमावलं ते मुलगा कॅलिफोर्नियात वाटायला लागला.

भारत सरकारनं १९७७ मध्ये अल्लारखांना पद्मश्री दिली, १९८२ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. पण उतारवयात त्यांचा जीव रमला तो शिकवण्यात. १९८५ मध्ये मुंबईत त्यांनी स्वतःची संस्था काढली. ज्याला घराणं नव्हतं म्हणून घर सोडावं लागलं, त्याच्याकडं आता कुणीही येऊन शिकू शकत होतं. गायक पंडित दिनकर कैकिणी यांचे चिरंजीव योगेश समसी इथलेच, अनुराधा पाल इथल्याच. बाईनं तबला वाजवायचा म्हटल्यावर भुवया उंचावणारे लोक तेव्हा कमी नव्हते. शिष्य त्यांना अब्बाजी म्हणायचे.

फेब्रुवारी २००० च्या सुरुवातीला त्यांची मुलगी रझिया डोळ्याच्या शस्त्रक्रियेच्या वेळी गेली. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, कुणाच्या मनातही आलं नसेल असं. ही बातमी बापाला सोसली नाही. हृदयविकाराचा झटका आला आणि ३ फेब्रुवारी २००० ला मुंबईतल्या राहत्या घरी अल्लारखा गेले. वय ऐंशी. एकाच घरातून एका पाठोपाठ दोन मृत्यू.

त्यानंतर झाकीर दर ३ फेब्रुवारीला मुंबईत वडिलांची बरसी करायला लागला. शीवच्या षण्मुखानंद सभागृहात सकाळपासून रात्रीपर्यंत कार्यक्रम, सकाळचं सत्र इतक्या लवकर की लोक अंधारात घरून निघायचे. तबला, पखवाज, मृदंगम् तर असायचेच, पण त्याबरोबर परदेशातले ड्रमरही येऊन वाजवायचे. तबलजी मागं बसतो हे ज्यांनी कधी पाहिलंच नाही अशी पोरं गर्दी करायची.

१५ डिसेंबर २०२४ ला झाकीर हुसेन सॅन फ्रान्सिस्कोत गेला. त्याला तिथंच, कॅलिफोर्नियात दफन केलं. दफन होत असताना थोड्या अंतरावर शिवमणी आणि आणखी काही वादक उभे होते. ते ड्रम वाजवत होते.